पुढील शिक्षणासाठी

आमचं गाव वारणा खोऱ्यातलं. वडिलांना आम्ही आण्णा म्हणायचो. ते जन्मले तेव्हा गावाचा जिल्हा सातारा होता. १९४९ साली साताऱ्याचे दोन जिल्हे झाले आणि आम्ही दक्षिण सातारचे झालो. १९६० साली त्याच जिल्ह्याचं नाव सांगली ठरलं. मुंबई प्रांत गेला, मुंबई राज्य आलं, तेही जाऊन महाराष्ट्र आला. आण्णा म्हणायचे, "एवढ्या हद्दी बदलल्या, पण आपला बांध काय वीतभर हालला न्हाय."

कागदावरच्या हद्दींचं गावाला असं फारसं काही वाटत नसे. तलाठ्याच्या दप्तरावरचं नाव बदलायचं, एवढंच. एक हद्द मात्र अशी बदलली, की ती आमच्या घरातनं गेली. कुठल्या गावच्या पोरांनी कुठल्या हायस्कुलात जायचं, ही ती हद्द. ती कुठल्या नकाशावर काढलेली नव्हती. पण १९७८ च्या जून महिन्यात ती सरकली, आणि मी तिच्या एका बाजूला राहिलो, माझी धाकटी बहीण दुसऱ्या बाजूला.

ते सांगण्याआधी थोडं मागचं सांगायला पाहिजे.

आण्णांच्या लहानपणी असा प्रश्नच नव्हता, कारण हायस्कूलच नव्हतं. गावात लोकल बोर्डाची शाळा. सातवीला व्हर्नाक्युलर फायनल. फायनल पास झालेला माणूस मास्तर व्हायचा, तलाठी व्हायचा, नाहीतर आण्णांसारखा शेतात जाऊन गावाची पत्रं वाचून दाखवायचा. पुढं शिकायचं तर तालुक्याला किंवा कराडला राहायला पाहिजे, आणि राहायचं तर कुणाच्या तरी पडवीत हातानं भाकरी थापायची तयारी पाहिजे. ज्या माणसानं ही अडचण ओळखली तो आमच्याच मुलखातला. भाऊराव पाटलांचा जन्म १८८७ चा, कुंभोजचा. पण त्यांच्या घराण्याचं गाव ऐतवडे बुद्रुक, आमच्या वारणेकाठचं. १९१९ साली त्यांनी काले इथं रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग काढलं. खेड्यातलं पोर हुशार असून शिकत नाही ते शाळा लांब म्हणून, आणि लांब राहायचं तर जेवणार कुठं, हे त्यांनी नेमकं धरलं. आधी जेवणाची आणि झोपायची सोय, मग शाळा, असा तो क्रम होता. संस्थेचं पहिलं हायस्कूल साताऱ्यात उभं राहिलं ते १९४० साली. बोर्डिंग त्याच्या सोळा वर्षं आधीचं. हा क्रम मी मुद्दाम सांगतो आहे. पुढं लोक तो विसरले.

१ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या आणि गावची शाळा झेडपीची झाली. सातवीपर्यंत. हायस्कुलं मात्र बहुतेक खाजगी संस्थांची, सरकारी अनुदानावर चालणारी. त्याआधी १९५९ साली ईबीसीची सवलत आली होती. ज्या पालकाचं वर्षाचं उत्पन्न ठरलेल्या मर्यादेच्या आत, त्याच्या पोराला फी माफ. आमच्या गावात त्या मर्यादेच्या वर उत्पन्न दाखवणारा माणूस शोधून सापडला नसता. त्यामुळं साठीच्या दशकात बाजाराच्या गावी हायस्कूल निघालं, तेव्हा आमच्या गावची पोरं भराभर तिकडं जायला लागली.

बाजाराचं गाव सात किलोमीटर. सडक होती. सकाळी मुक्कामाची एसटी निघायची, ती पोरांना शाळेत वेळेवर पोचवायची. संध्याकाळची गाडी चुकली तर चालत यायचं. पण सडकेला बैलगाड्या असायच्या, ओळखीची माणसं असायची. आणि गुरुवारचा बाजार. दर गुरुवारी गावातला निम्मा बाप्यामाणूस बाजाराला. मेथीच्या पेंड्या विकून झाल्या की टोपी सारखी करून हायस्कुलाच्या व्हरांड्यात जायचं आणि विचारायचं, "गुर्जी, आमचं पोरगं कसं हाय?" पालक-सभा हा शब्द तेव्हा कुणाला माहीत नव्हता. आमची पालक-सभा दर गुरुवारी भरत होती.

मी १९७७ ला तिथं आठवीत गेलो. वर्गात ऐंशीच्या वर पोरं. तीन-तीन जण एका बाकावर. त्याच साली नदीच्या पलीकडच्या एका गावात दुसऱ्या संस्थेनं नवं हायस्कूल काढलं. पहिल्या वर्षी नुसती आठवी, ती पण देवळाच्या ओवरीत. नव्या हायस्कुलाला पट पाहिजे होता. पट नसेल तर मान्यता टिकत नाही, मान्यता नसेल तर अनुदान नाही. जुन्याला जागा पुरत नव्हती. वर शिक्षण खात्यात कुणी काय बोललं ते आम्हाला कळण्यासारखं नव्हतं. पण मे महिन्यात निरोप आला: जूनपासून नदीकाठच्या चार गावांची आठवीची पोरं पलीकडच्या हायस्कुलात. जुनं हायस्कूल आठवीची एकच तुकडी घेणार आणि ती जवळच्या गावांनीच भरणार. जे आधीपासून शिकतायत ते शिकत राहतील. बाकीच्यांसाठी नवं हायस्कूल जवळच आहे. साडेतीन किलोमीटर.

साडेतीन हा आकडा खोटा नव्हता. पायवाटेनं नदीपर्यंत दीड, पलीकडं दोन. उन्हाळ्यात नदीत गुडघाभर पाणी. धोतर, परकर वर धरला की पार. पण जूनच्या अखेरीला डोंगरात पाऊस बसला की ती वाट पाण्याखाली जायची ती गणपती येऊन गेल्यावरच दिसायची. मग गुऱ्हाळाची काहील नदीत घालायची. गूळ शिजवायच्या त्या भल्या मोठ्या कढईत चार-पाच माणसं बसायची, आणि पट्टीचे दोन पोहणारे तिला धरून पलीकडं न्यायचे. पूल होता तो खाली, बाजाराच्या गावाच्याही पुढं. पुलावरनं जायचं तर नवं हायस्कूल पंधरा किलोमीटर पडायचं, आणि वाटेत जुनं हायस्कूल लागायचं.

निरोप आल्यावर मारुतीच्या देवळात बैठक बसली. मी खांबाला टेकून मागं बसलो होतो. नव्या संस्थेचे दोन लोक आले होते, त्यातले एक गुरुजी फार चांगले बोलले. गोरगरिबांच्या दारात शाळा येतीय, तुम्ही पाठ फिरवू नका, म्हणाले. त्यांचं म्हणणं मनापासूनचं होतं, असं मला आजही वाटतं.

मग लोक बोलायला लागले. एकजण म्हणाला, "पाण्याचं काय?" गुरुजी म्हणाले, पुलाची मागणी केलेली आहे. दुसरा म्हणाला, "तिथनं धाव्वीला अजून एकबी पोरगं बसल्यालं न्हाय. आमच्या पोरांवर शिकायचं का त्येनी?" तिसऱ्यानं जुनी गोष्ट उकरली. पलीकडच्या गावाशी जत्रेत कुस्तीच्या फडावरनं आमची मारामारी झालेली, तिला सहा वर्षं झाली होती. "आमची पोरं त्यांच्या वेशीतनं रोज जाणार. आज गोड बोलत्यात, उद्या?" गुरुवारच्या बाजाराचा मुद्दा एका म्हाताऱ्यानं काढला. तो म्हणाला, "आज पोरगं कुठं बसतंय, काय करतंय, ह्ये मला आठवड्याला दिसतंय. तिकडं माझं काय काम न्हाय. मी मुद्दाम नदी वलांडून पोरगं बघाय कवा जाणार?"

बायका देवळाच्या पायरीपाशी उभ्या होत्या. बैठकीत बोलायची त्यांना रीत नव्हती. त्यांच्यातली एकजण मोठ्यानं म्हणाली, जणू शेजारणीला सांगतेय अशी, "पोरं जातील वो कशीबी. पोरींना कायलीत कोण घालंल?"

यावर कुणी काही बोललं नाही. गुरुजीही बोलले नाहीत. बैठक तिथंच संपली असं मला आठवतं. खरं तर ती नंतर तासभर चालली असेल.

आमची धाकटी त्या वर्षी सातवी पास झाली होती. घरात सगळे तिला धाकटीच म्हणायचे. माझ्यापेक्षा हुशार. मला घोकायला लागायचं, तिला ऐकून पाठ व्हायचं. सातवीत ती वर्गात पहिली आली होती, आणि गुरुजींनी आण्णांना बोलावून सांगितलं होतं, हिला थांबवू नका. आण्णा थांबवणार नव्हतेच. गेलं वर्षभर ठरलं होतं, की ती माझ्याबरोबर एसटीनं जाणार. तिच्यासाठी पिशवी शिवून झाली होती, माझ्या जुन्या पॅण्टीच्या कापडाची.

बैठकीनंतर दोन दिवसांनी आण्णांनी मला गोठ्यात हाक मारली. गाईला वैरण टाकता टाकता म्हणाले, "नव्या शाळंत नववीबी निघणार हाय म्हणं औंदा. तू दाखला काढून तिकडं गेलास तर धाकटी तुझ्यासंगं जाईल. दोघं असला म्हंजे मला काळजी न्हाय."

मी म्हणालो, "मी न्हाय जाणार."

कारणं माझ्याकडं पुष्कळ होती. तिथं भिंतींना गिलावा नाही. गणिताला मास्तर नाही. दहावीचा निकाल कसा लागेल सांगता येत नाही. सगळी खरी कारणं, मोठ्या माणसांच्या तोंडची. जे मी सांगितलं नाही ते असं, की मला जुन्या हायस्कुलात कबड्डीच्या संघात घेतलं होतं, आणि एसटीच्या मागच्या सीटवर माझी जागा ठरलेली होती.

आण्णा परत विचारतील असं मला वाटलं होतं. त्यांनी विचारलं नाही. दहावीचा निकाल हा त्यांच्याही मनातला धाक होता. एका पोराचं वाटोळं करून दुसऱ्याचं भलं करायचं का, असा हिशेब त्यांनी केला असणार, आणि त्या काळी त्या हिशेबात पोरगी कुठल्या बाजूला मांडायची हे ठरलेलं असायचं.

जून उजाडला. गावातले आठवीचे पोरगे चार दिवस कुरकुरले आणि नदी ओलांडायला लागले. काहिलीतनं जायची त्यांना मजाच वाटायची. त्या वर्षी सातवी पास झालेल्या सहा पोरींपैकी एक गेली. तिचा मामा पलीकडच्या गावात होता, त्याच्या घरी ती राहिली. पाचजणी घरी बसल्या. आमची धाकटी त्यातली. "पाऊस सरला म्हंजे दिवाळीपासनं जाऊ," असं आण्णा म्हणायचे. दिवाळीला सहामाही झालेली असते हे धाकटीला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं. सुगीत तिच्या हातात खुरपं आलं. पिशवी तेवढी वाया गेली नाही, तीत बियाणं ठेवायला लागलो.

मी मार्च १९८० ला दहावी झालो. पुढं डी.एड. करून प्राथमिक शिक्षक झालो. धाकटीचं लग्न ठरलं तेव्हा तिला अठरा पुरी आहेत का, हे बघायला तिचा शाळेचा दाखला काढायला लागला. त्या दाखल्याचा तिला आयुष्यात झालेला उपयोग तेवढाच.

नव्या हायस्कुलाला वाईट म्हणावं असं माझ्या मनात काही नाही. उलटच सांगतो. दहा वर्षांत ते चांगलं हायस्कूल झालं. ज्या गुरुजींनी देवळात भाषण केलं त्यांनी पदरमोड करून प्रयोगशाळा उभी केली. पलीकडच्या वाड्यांतली जी पोरं कधीच बाजाराच्या गावापर्यंत आली नसती, ती तिथं शिकली. १९९० ला नदीवर पूल झाला, आणि त्यानंतर आमच्या गावच्या पोरी सरळ रांगेनं तिकडं जायला लागल्या. जत्रेतली मारामारी कुणाच्या ध्यानात राहिली नाही. देवळातली निम्मी भीती अशी फुकटची ठरली. पण पाण्याची भीती फुकटची नव्हती. हद्द आली १९७८ ला आणि पूल आला १९९० ला. मधली बारा वर्षं कुणी भरली, हे मला पुढं मास्तर झाल्यावर कळलं.

नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत माझी बदली गावच्याच शाळेत झाली. शाळेचं जनरल रजिस्टर माझ्या ताब्यात आलं. जाड पुठ्ठ्याचं, कडा कुरतडलेलं. त्यात प्रत्येक मुलाची एक ओळ असते: नाव, जन्मतारीख, दाखल झाल्याची तारीख, शाळा सोडल्याची तारीख आणि शाळा सोडण्याचं कारण. मी १९७८ चं पान काढलं. धाकटीच्या नावापुढं कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, "पुढील शिक्षणासाठी".

सहाही जणींच्या पुढं तेच होतं. पुढच्या वर्षीच्या पोरींपुढं तेच, त्याच्या पुढच्या वर्षी तेच. यात गुरुजींचं काही चुकलं नव्हतं. सातवी पास झालेल्या पोराच्या दाखल्यावर तेच लिहायची पद्धत आहे. मीही आयुष्यभर तेच लिहिलं. पण उद्या कुणी आमच्या गावच्या शिक्षणाचा इतिहास लिहायला बसला आणि त्यानं हे रजिस्टर उघडलं, तर त्याला असंच दिसेल, की त्या बारा वर्षांत या गावातल्या सगळ्या पोरी पुढील शिक्षणासाठी गेल्या. नदी त्या रजिस्टरात कुठं नाही. काहील नाही. मीही नाही.

राज्यानं यातनं काही शिकलं नाही, असं म्हणता येणार नाही. मुलींची फी बारावीपर्यंत माफ झाली. अहिल्याबाई होळकरांच्या नावानं गावाकडच्या मुलींना एसटीचा पास फुकट मिळायला लागला. मानव विकास कार्यक्रमात १२५ मागास तालुक्यांतल्या मुलींसाठी निळ्या गाड्या आल्या, जवळच्या मुलींना सायकली मिळाल्या. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत, असं त्याखाली ठरलं. माध्यमिक शाळेसाठी पाच किलोमीटर धरतात. हे आकडे वाचले की मला आमचं साडेतीन आठवतं. किलोमीटर खाली लिहिताना मध्ये पाणी आहे का, जंगल आहे का, गाडी आहे का, संध्याकाळी त्या वाटेला माणूस असतं का, हे कुणी तरी विचारायला पाहिजे. ते नेहमी पालकच विचारतात आणि त्यांनाच शिक्षणाचं महत्त्व समजावून सांगितलं जातं.

२०२३ च्या सप्टेंबरात शिक्षण आयुक्तांचं पत्र निघालं. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचे प्रस्ताव मागवले होते. नंदुरबारच्या तोरणमाळचं आणि पुण्याजवळच्या पानशेतचं उदाहरण दिलं होतं. अशा शाळा राज्यात जवळपास १५ हजार. त्यामागचा विचार सगळा टाकाऊ नाही, हे मास्तर म्हणून मला मान्य आहे. चार वर्गांना मिळून सात पोरं असली की ना खेळ होतो, ना स्पर्धा, आणि एकच शिक्षक सगळे कागद रंगवत बसतो. पोरांना मोठी शाळा, जास्त शिक्षक, ग्रंथालय, मैदान मिळणार असेल तर चांगलंच.

धाकटीचं सासर डोंगरातली वाडी आहे. तिथल्या शाळेचा पट तेव्हा चौदा. तिची नात दुसरीत. पत्राची बातमी पोचली आणि ग्रामसभेत हा विषय निघाला. मी निवृत्त होऊन घरीच होतो, तिनं निरोप पाठवला, "दादा, तू ये. तुला कायद्याचं ठावं हाय." मी गेलो. जाताना काय मनात आलं कुणास ठाऊक, रजिस्टरातली ती गोष्ट मी तिला सांगितली. पंचेचाळीस वर्षांत आम्ही दोघं त्या विषयावर एक शब्द बोललो नव्हतो. तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, "असं लिवलं हुतं व्हय?" आणि थोडी हसली. गोठ्यातलं बोलणं मी तिला सांगायला लागलो तर म्हणाली, "ऐकलं हुतं मी. चुलीपाशीच हुते."

ग्रामसभेत केंद्रप्रमुखांनी नीट समजावून सांगितलं. अजून काही ठरलेलं नाही, पण झालंच तर सात किलोमीटरवरच्या मोठ्या शाळेत पोरं जातील, गाडीची व्यवस्था होईल. मी कलमं काढून बसलो होतो. मी बोलायच्या आधी धाकटी उठली. आता बायकांना पायरीपाशी उभं राहावं लागत नाही, ती खुर्चीवर बसली होती.

"सायेब, शाळा वाईट म्हणत न्हाय मी," ती म्हणाली. "गाडी आधी येणार का शाळा आधी बंद हुणार, एवढंच सांगा. वड्याला पाणी आल्यावर गाडी हितवर येणार का वड्यापल्याड उभी ऱ्हाणार? आन् गाडी आली न्हाय, पोरगी घरी बसली, तर तिच्या दाखल्यावर कारण काय लिवणार?"

केंद्रप्रमुख म्हणाले, "आजी, तुमचा मुद्दा वरती कळवतो."

"वरती मग कळवा," धाकटी म्हणाली. "आधी हितं लिवा."

ग्रामसेवकानं प्रोसिडिंग बुक पुढं ओढलं. तो लिहीत होता तोवर ती उभीच राहिली. लिहून झाल्यावर तिनं मला हात केला आणि म्हणाली, "दादा, वाच बरं काय लिवलंय ते."

मी उठून वाचलं. या वेळी जसंच्या तसं लिहिलं होतं.